खेळगड्यांची छोटी संकेतस्थळे आणि सुरक्षेची सनद

संगणकावर आणि मोबाइलवर खेळल्या जाणाऱ्या खेळांचा बोलबाला होतो तो त्यांच्या प्रचंड उलाढालीमुळे. परंतु त्या खेळांना खरी वस्ती लाभते ती खेळगड्यांनी हौसेने उभारलेल्या लहानलहान मंडळांमुळे. कुठे ‘माइनक्राफ्ट’चा खासगी सर्व्हर चालविणारे पाचपन्नास विद्यार्थी असतात, कुठे ‘काउंटर-स्ट्राइक’चा एखादा क्लॅन असतो, तर कुठे ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’मधील एखादे गिल्ड वर्षानुवर्षे ठरलेल्या रात्री न चुकता जमत असते. अशा मंडळाला सभासदांची यादी ठेवावी लागते, सामन्यांचे वेळापत्रक लावावे लागते, तंटे मिटवावे लागतात, नवे नकाशे आणि मॉड सर्वांना उतरवून घेता येतील अशा जागी ठेवावे लागतात. आणि या साऱ्या कारभारासाठी, वर्गणीतून अथवा ॲडमिनच्या स्वतःच्या खिशातून होस्टिंगचे भाडे भरून, एक छोटेसे संकेतस्थळ चालविले जाते.

हे संकेतस्थळ कोणाकडून पैसे घेत नाही आणि कोणाची गुपितेही सांभाळीत नाही. तेव्हा त्याने एसएसएल सर्टिफिकेट, म्हणजे आपली जोडणी सुरक्षित असल्याची सनद, मिळविण्याच्या खटाटोपात का पडावे, असा प्रश्न त्याच्या चालकांना पडतो, आणि तो अगदी स्वाभाविक आहे. बँकेने किंवा सरकारी कचेरीने ती घ्यावी हे कोणालाही पटते. खेळाच्या मंडळाला ती कशाला, हे सहजासहजी पटत नाही. माझे मत असे आहे की, जे संकेतस्थळ दुसऱ्याचा पासवर्ड मागते आणि स्वीकारते ते, त्याचे सभासद वीस असोत की वीस हजार, त्या घटकेपासून विश्वस्त होते. आणि विश्वस्ताची जबाबदारी ठेवीच्या किमतीवरून मोजायची नसते. हे मत कशाच्या आधारावर उभे आहे ते क्रमाने पाहू.

एखादा सोळा वर्षांचा मुलगा स्टेशनवरच्या किंवा उपाहारगृहातल्या खुल्या वायफायवरून आपल्या क्लॅनच्या संकेतस्थळावर प्रवेश करीत आहे अशी कल्पना करा. जोडणी साध्या एचटीटीपीची असेल, तर लॉगिनचे बटण दाबताच ब्राउझर जो मजकूर रवाना करतो त्यात आधी संकेतस्थळाचा पत्ता असतो, मग ब्राउझरची स्वतःविषयीची माहिती असते, आणि शेवटच्या ओळीत ‘युजरनेम’ या शब्दापुढे त्या मुलाचे नाव व ‘पासवर्ड’ या शब्दापुढे त्याचा पासवर्ड, अशी अक्षरे जशीच्या तशी लिहिलेली असतात. पडद्यावर पासवर्डाच्या जागी काळे ठिपके दिसतात म्हणून तो झाकला गेला असे पुष्कळांना वाटते. परंतु ते ठिपके केवळ पाठीमागून डोकावणाऱ्यासाठी असतात, वाटेने जाणाऱ्या मजकुराला त्यांचे कसलेही आवरण नसते. त्याच वायफायवर बसलेल्या कोणालाही, ‘वायरशार्क’सारखे फुकट मिळणारे सॉफ्टवेअर चालवून, ती ओळ वाचता येते, आणि पुढे सर्व्हरपर्यंतच्या प्रवासात ज्या ज्या यंत्रांमधून ती जाते, त्या प्रत्येकाच्या चालकालाही ती वाचता येते.

यावर नेहमीचे उत्तर असे की, वाचेना कोणी. आमच्या संकेतस्थळावर चोरून नेण्यासारखे आहे तरी काय? या उत्तरातील चूक अशी की, चोराचे लक्ष त्या संकेतस्थळावर नसतेच. माणसे, आणि त्यातही तरुण माणसे, एकच पासवर्ड अनेक ठिकाणी वापरतात, हे जगभरच्या चोरांना पक्के ठाऊक आहे. क्लॅनच्या संकेतस्थळावर उघड झालेली ती ओळ प्रथम त्या मुलाच्या ई-मेलवर चालवून पाहिली जाते, मग त्याच्या ‘स्टीम’ खात्यावर; आणि ज्या खात्यात वर्षानुवर्षे विकत घेतलेले खेळ असतात व ‘काउंटर-स्ट्राइक’मधील शस्त्रांच्या रंगीत वेष्टनांसारख्या, खऱ्या पैशांत विकल्या जाणाऱ्या वस्तू असतात, ते खाते एका रात्रीत रिकामे होऊ शकते. तोशीस लागते ती सभासदाला, आणि ती लागली कशामुळे हे त्याला बहुधा कधीच कळत नाही. लहान संकेतस्थळाचा हलगर्जीपणा हा अशा रीतीने दुसऱ्याच्या घरातले नुकसान ठरतो.

केवळ प्रवेशाचे पान सुरक्षित करून बाकीचे संकेतस्थळ उघडे ठेवण्याची तडजोडही पुष्कळांनी करून पाहिली. तिचा फोलपणा २०१० च्या ऑक्टोबरात एरिक बटलर या अमेरिकन प्रोग्रामरने जगापुढे मांडला. एकदा प्रवेश दिल्यावर संकेतस्थळ ब्राउझरला ‘कुकी’ नावाचा एक ओळखीचा दाखला देते आणि पुढच्या प्रत्येक पानाच्या मागणीबरोबर तो दाखला परत पाठविला जातो. तो उघड्या वाटेवर ज्याच्या हाती लागेल त्याला पासवर्ड ठाऊक नसतानाही त्या सभासदाच्या नावाने वावरता येते. बटलरने ‘फायरशीप’ या नावाची फायरफॉक्स ब्राउझरची एक पुरवणी खुली केली. ती बसविली की त्याच वायफायवरील माणसांची फेसबुक, ट्विटर आदी खाती एका यादीत दिसू लागत आणि नावावर टिचकी मारताच त्या माणसाचे खाते उघडे. संकेतस्थळाच्या एखाददुसऱ्या पानाला संरक्षण देणे पुरेसे नसून ते समूळ सुरक्षित असावे लागते, ही गोष्ट या प्रसंगानंतर मोठमोठ्या कंपन्यांनाही मान्य करावी लागली.

ज्या संकेतस्थळावर पासवर्डच मागितला जात नाही, केवळ वेळापत्रक आणि गुणतक्ते वाचायला मिळतात, त्याचे काय, असा प्रश्न येथे कोणी करील. त्याचे उत्तर देताना मराठी दफ्तरातील एका जुन्या वहिवाटीचे स्मरण होते. आपल्याकडील राजपत्रांवर आरंभी मुख्य मुद्रा असे, आणि मजकूर संपतो तेथे एक निराळी लहान मुद्रा उमटविली जाई. पहिलीने पत्र कोणाचे ते सिद्ध होई आणि दुसरीने, त्या जागेच्या पुढे कोणी एक अक्षरही वाढवू नये, याचा बंदोबस्त होई. मजकूर गुप्त राखणे ही एक गरज, परंतु तो वाटेत बदलला गेला नाही याची हमी ही तितकीच मोठी, स्वतंत्र गरज आहे; आणि साध्या जोडणीवरून जाणाऱ्या पानाला या दोन्हींपैकी एकही मुद्रा नसते.

पान वाटेत बदलले जाते ही भीती काल्पनिक नाही. २०१५ च्या जूनमध्ये बंगळूरुच्या एका संगणक-अभियंत्याला, स्वतःचेच संकेतस्थळ मोबाइलच्या थ्री-जी जोडणीवरून उघडून पाहताना, आपण कधीही न लिहिलेला प्रोग्रामचा एक तुकडा त्या पानात घुसविलेला आढळला. वाटेतील जाळ्यातच तो पानाला चिकटविला जात होता. त्याच वर्षीच्या मार्चमध्ये याहून भयंकर प्रकार घडला होता. ‘बायडू’ या चिनी कंपनीचा, असंख्य संकेतस्थळांवर वापरला जाणारा एक प्रोग्राम साध्या जोडणीवरून जात असता चीनच्या सीमेवर बदलला गेला, आणि तो उघडणाऱ्या निरपराध वाचकांचे ब्राउझर त्यांच्या नकळत अमेरिकेतील ‘गिटहब’ या संकेतस्थळावर मागण्यांचा मारा करू लागले. हा मारा कित्येक दिवस चालला होता. खेळाच्या मंडळांच्या बाबतीत हा धोका अधिकच गंभीर ठरतो, कारण तेथून सभासद मॉड आणि इतर फाइली उतरवून घेतात व स्वतःच्या संगणकावर चालवितात. साध्या जोडणीवरून उतरणाऱ्या अशा फाइलीच्या जागी वाटेतल्या कोणी दुसरी ठेवली, तर ती ओळखण्याचे साधन सामान्य खेळाडूपाशी नसते.

आता ही सनद करते काय, ते पाहू. जे दोन पक्ष पूर्वी कधी भेटलेले नाहीत त्यांनी उघड्या रस्त्यावर, सर्वांच्या देखत बोलून, फक्त त्या दोघांनाच ठाऊक राहील असे गुपित कसे ठरवावे, हा प्रश्न शतकानुशतके असाध्य मानला जात होता. व्हिटफील्ड डिफी आणि मार्टिन हेलमन यांनी १९७६ मध्ये त्याचे गणिती उत्तर प्रसिद्ध केले आणि आजच्या सुरक्षित जोडणीचा पाया घातला गेला. १९९५ मध्ये ‘नेटस्केप’ या ब्राउझरच्या कंपनीने एसएसएल ही पद्धत प्रचारात आणली. १९९९ पासून तिची जागा टीएलएस या सुधारित पद्धतीने घेतली, आणि तिची २०१८ मधील १.३ ही आवृत्ती आज रूढ आहे. लोकांच्या तोंडी मात्र एसएसएल हेच नाव राहिले. ब्राउझर आणि सर्व्हर यांच्यात प्रथम अशा रीतीने एक तात्पुरती गुप्त किल्ली ठरते, आणि पुढचा सर्व मजकूर तिच्या साहाय्याने सांकेतिक रूपात, वाटेत एक अक्षर बदलले तरी लक्षात येईल अशा बेताने, जातो.

परंतु एवढ्याने काम भागत नाही; कारण ज्याच्याशी आपण गुप्तपणे बोलत आहोत तोच भामटा असेल तर त्या गुप्ततेचा उपयोग काय? म्हणून सर्व्हरला आपली ओळख सिद्ध करावी लागते, आणि ज्या त्रयस्थ संस्थांवर ब्राउझर विश्वास ठेवतात त्यांच्यापैकी एखादीची सही असलेली सनद दाखवावी लागते. हेच ते सर्टिफिकेट. सारा डोलारा या जामीनदार संस्थांच्या सचोटीवर उभा आहे, आणि ती ढळली तर काय होते हे २०११ मध्ये दिसून आले. ‘डिजिनोटार’ या डच संस्थेच्या यंत्रणेत शिरकाव करून कोणी गूगलच्या नावाची खोटी सनद तयार केली आणि तिच्या आधारे इराणमधील नागरिकांच्या जीमेलवर पाळत ठेवली गेली. प्रकार उघडकीस येताच सर्व ब्राउझरांनी त्या संस्थेवरील विश्वास काढून घेतला आणि त्याच सप्टेंबरात तिचे दिवाळे वाजले. त्यानंतर, दिलेली प्रत्येक सनद सार्वजनिक नोंदवहीत चढवावी, म्हणजे आपल्या नावावर भलत्यानेच सनद काढली काय याची कोणालाही खातरजमा करता येईल, अशी तजवीज करण्यात आली.

लहान मंडळांची जुनी तक्रार एके काळी रास्त होती, हे मात्र मोकळेपणाने मान्य केले पाहिजे. सनदेसाठी दरवर्षी पैसे मोजावे लागत. एका सर्व्हरवर अनेक संकेतस्थळे नांदत असली तर सुरक्षित जोडणीसाठी प्रत्येकाला बहुधा स्वतंत्र आयपी पत्ता घ्यावा लागे. आणि सांकेतिक रूपांतराच्या गणितामुळे यंत्र मंदावते अशी समजूत होती. यांपैकी शेवटची समजूत २०१० मध्येच निकालात निघाली: जीमेलची सर्व वाहतूक सुरक्षित केल्यावर त्या कामाचा प्रोसेसरवरील भार एक टक्क्याहूनही कमी आहे, असे गूगलच्या अभियंत्यांनी जाहीर केले. स्वतंत्र पत्त्याची गरजही, जोडणीच्या आरंभीच ब्राउझरने हव्या त्या संकेतस्थळाचे नाव सांगण्याची सोय रूढ झाल्यावर, उरली नाही. राहता राहिला पैशांचा प्रश्न.

तो सोडविणाऱ्यांचे ऋण लहान संकेतस्थळांनी कधी विसरू नये. मोझिलामधील जॉश आस व एरिक रेस्कोर्ला, ‘इलेक्ट्रॉनिक फ्रंटियर फाउंडेशन’ या नागरी हक्कांच्या संस्थेतील पीटर एकर्सली आणि मिशिगन विद्यापीठातील ॲलेक्स हाल्डरमन यांनी, सनद सर्वांना विनामूल्य मिळावी आणि तिच्यासाठी माणसाला हातही हलवावा लागू नये, या हेतूने ‘लेट्स एन्क्रिप्ट’ हा उपक्रम आखला. २०१४ च्या नोव्हेंबरात त्याची घोषणा झाली, २०१५ च्या सप्टेंबरात पहिली सनद दिली गेली, त्याच डिसेंबरात ही सेवा सर्वांसाठी खुली झाली, आणि २०२० च्या फेब्रुवारीत तिने एक अब्जावी सनद दिली. धर्मादाय तत्त्वावर, देणग्यांच्या बळावर चालणाऱ्या संस्थेने एवढे सार्वजनिक काम इतक्या थोड्या अवधीत उभे केल्याची उदाहरणे विरळाच.

सनद मिळण्याची रीतही पाहण्यासारखी आहे. सर्व्हरवर ‘सर्टबॉट’सारखा एक छोटा प्रोग्राम बसवून त्याला संकेतस्थळाचे नाव सांगितले की तो संस्थेकडे अर्ज करतो, संस्था त्याला एक यादृच्छिक अक्षरमाला देते आणि ती संकेतस्थळावरील एका ठराविक पत्त्यावर फाइल करून ठेवण्यास सांगते, नंतर ती स्वतः बाहेरून येऊन ती फाइल वाचते, आणि वाचता आली तर अर्जदाराचा त्या नावावर खरोखरच ताबा आहे असे मानून सनद देते. ना कागदपत्र, ना हेलपाटे. सारे काही मिनिटांत उरकते. या सनदेची मुदत सुरुवातीपासून ९० दिवसांची राखण्यात आली, आणि ती संपण्यापूर्वी तोच प्रोग्राम आपोआप नवी सनद आणतो. ज्यांना सर्व्हरची भाषा अवगत नाही त्यांच्यासाठी बहुतेक होस्टिंग कंपन्या आता हे काम आपण होऊन करतात.

इकडे ब्राउझरांनीही आपला आग्रह वाढवीत नेला. २०१५ च्या अखेरीपासून क्रोमने असुरक्षित पानांना मायक्रोफोन व कॅमेरा वापरू देणे बंद केले, त्यामुळे खेळताना बोलण्याची सोय आपल्या पानावर देऊ इच्छिणाऱ्या मंडळांना दुसरा मार्गच उरला नाही. २०१७ च्या जानेवारीपासून पासवर्ड मागणाऱ्या असुरक्षित पानांवर, आणि २०१८ च्या जुलैपासून सर्वच असुरक्षित पानांवर, पत्त्याशेजारी ‘नॉट सिक्युअर’ असा इशारा झळकू लागला. नव्याने येऊ पाहणारा सभासद तो वाचून दारातूनच परततो. लहान मंडळ जगते ते नव्या सभासदांवर, तेव्हा हा तोटाही दुर्लक्ष करण्याजोगा नाही.

एवढे सांगितल्यावर या सनदेच्या मर्यादाही तितक्याच स्पष्टपणे सांगणे प्राप्त आहे, कारण अर्धवट समजुतीतून येणारा निर्धास्तपणा हा अज्ञानाइतकाच घातक असतो. सनद वाटेवरील मजकुराचे रक्षण करते. मुक्कामी पोहोचून साठविलेल्या माहितीशी तिचा काहीएक संबंध नाही. ‘माइनक्राफ्ट’च्या ‘लाइफबोट’ या मंडळाच्या ७० लाखांहून अधिक खात्यांची माहिती फुटल्याचे २०१६ मध्ये उघड झाले. पासवर्ड एमडी५ या जुनाट आणि सहज उलगडता येणाऱ्या पद्धतीने साठविलेले होते. त्याच वर्षी ‘डोटा २’ च्या अधिकृत चर्चापीठातील सुमारे १९ लाख खात्यांची तीच गत झाली, आणि तेथे चोर शिरला होता तो चर्चापीठ चालविणाऱ्या सॉफ्टवेअरमधील उणिवेतून. अशा प्रसंगी सुरक्षित जोडणीचा काडीचाही आधार होत नाही. सॉफ्टवेअर अद्ययावत ठेवणे, पासवर्ड ‘बीक्रिप्ट’सारख्या, मुद्दाम संथ राखलेल्या पद्धतीने साठविणे आणि गरजेपेक्षा अधिक माहिती मुळात न मागणे, ही कामे निराळीच करावी लागतात. संकेतस्थळाची सनद खेळाच्या सर्व्हरलाही लागू पडत नाही. ‘माइनक्राफ्ट’ची वाहतूक तिच्या स्वतःच्या २५५६५ क्रमांकाच्या पोर्टवरून चालते आणि तिचा बंदोबस्त वेगळा आहे. शिवाय पत्त्याशेजारी कुलूप दिसले म्हणजे संकेतस्थळ सच्चे, असेही मानू नये, कारण भामट्यालाही आपल्या बनावट नावाची सनद तितक्याच सहज मिळते. याच गैरसमजामुळे क्रोमने २०२३ मध्ये ते कुलपाचे चिन्ह काढून टाकले.

सनद घेतल्यावर होणाऱ्या चुकाही ठरावीक असतात. जुना असुरक्षित पत्ता तसाच चालू राहतो आणि सभासद सवयीने त्याच वाटेने येत राहतात. तेथून नव्या पत्त्याकडे आपोआप वळविण्याची सूचना सर्व्हरला दिली पाहिजे. सुरक्षित पानात जुनी चित्रे किंवा प्रोग्राम साध्या पत्त्यावरून मागविलेले राहतात आणि पान अर्धे मोडलेले दिसते. ते पत्ते शोधून बदलावे लागतात. आणि सर्वांत सामान्य चूक म्हणजे मुदत उलटू देणे. ती मोठमोठ्यांच्या हातूनही घडते: २०१८ च्या डिसेंबरात एरिक्सनच्या सॉफ्टवेअरमधील एका सनदेची मुदत संपल्यामुळे ब्रिटनमधील ‘ओटू’ कंपनीच्या कोट्यवधी ग्राहकांची मोबाइल सेवा दिवसभर कोलमडली होती. २०२९ च्या मार्चपासून कोणत्याही सार्वजनिक सनदेची कमाल मुदत ४७ दिवसांवर येणार आहे, तेव्हा नूतनीकरण कॅलेंडरवर खूण करून नव्हे, तर यंत्राकडूनच करवून घेणे शहाणपणाचे.

खेळाच्या मंडळांत आणखी एक बाब विसरता येत नाही, ती म्हणजे सभासदांचे वय. भारताच्या २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने अठरा वर्षांखालील प्रत्येकाला बालक मानले आहे आणि माहिती गोळा करणाऱ्यांवर ती सुरक्षित राखण्याचे वाजवी उपाय योजण्याचे बंधन घातले आहे. एखाद्याने निव्वळ वैयक्तिक अथवा घरगुती कारणासाठी केलेला वापर त्यातून वगळलेला आहे. परंतु दहा मित्रांच्या मंडळाला कायदा लागू आहे की नाही, यावर कर्तव्याचा निर्णय अवलंबून ठेवू नये. तेरा-चौदा वर्षांचे जे मूल आपले नाव, ई-मेल आणि पासवर्ड एका अनोळखी पानावर लिहिते, ते धोक्याचा हिशेब मांडून तसे करीत नसते; तो हिशेब त्याच्या वतीने संकेतस्थळाच्या चालकानेच मांडावयाचा असतो.

म्हणून मूळ प्रश्नाचे माझे उत्तर निःसंदिग्ध आहे: होय, खेळगड्यांच्या छोट्यात छोट्या संकेतस्थळालाही ही सनद हवी, आणि पासवर्ड मागणाऱ्याने तर ती घेतल्यावाचून एक दिवसही दार उघडे ठेवू नये. जोवर तिला पैसे पडत होते आणि ती मिळविणे जिकिरीचे होते, तोवर ऐपतीची सबब ऐकून घेण्याजोगी होती. ती विनामूल्य आणि काही मिनिटांत मिळू लागल्यापासून त्या सबबीला आधार उरलेला नाही. अशा मंडळाचा ॲडमिन बहुधा विशीच्या आतबाहेरचा तरुण असतो, आणि दुसऱ्यांच्या वतीने काही सांभाळण्याची, नियम करण्याची आणि त्यांना उत्तरदायी राहण्याची त्याच्या आयुष्यातील ती पहिलीच वेळ असते. उद्या रुग्णालयाचे, पतपेढीचे किंवा नगरपालिकेचे दफ्तर ज्यांच्या हाती जाणार आहे त्यांतले काही जण आज या छोट्या संकेतस्थळांवरच ते काम शिकत आहेत. त्यांनी पहिल्याच दिवशी सनद बसवावी, तिचे नूतनीकरण यंत्रावर सोपवावे, पासवर्ड नीट साठवावेत आणि आपण काय सांभाळतो व काय सांभाळू शकत नाही ते सभासदांना सरळ शब्दांत सांगावे.